ऑर्डर दारात, पैसा वाटेत

दिल्लीच्या आर. के. पुरमला संध्याकाळी सहानंतर खरी जाग येते. एकसारख्या दिसणाऱ्या सरकारी क्वार्टर्सच्या रांगा, दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली दोरीची पिशवी, भाजीच्या गाड्या आणि कचेरीतून परतणारी माणसे. इथल्या बहुतेक घरांचे आयुष्य पहिल्या तारखेच्या पगारावर चालते. पैसा थोडा असेल, पण तो कधी येणार हे ठाऊक असते.

अशाच एका मराठी घराची कल्पना करा. बाई केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आहेत, क्वार्टर त्यांच्या नावावर. यजमानांची ओखल्याला भाड्याची एक शेड. तिथे दोन लेथ, एक ग्राइंडिंग मशीन, चार कारागीर. मोटारसायकलच्या इंजिनात लागणारे बिडाचे व्हॉल्व्ह गाइड तिथे तयार होतात. हा बोटाएवढा पोकळ नळीचा तुकडा. इंजिनाचा व्हॉल्व्ह त्यातून मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. शंभर सीसीच्या साध्या इंजिनात असे दोन गाइड असतात.

एके दिवशी यजमान पेढे घेऊन येतात. मानेसरचा मोठा पुरवठादार आतापर्यंत महिन्याला पाच हजार नग घेत होता, आता वीस हजार मागतो आहे.

"अगं, चौपट ऑर्डर! दिवस पालटले आपले."

बाई पेढा हातात घेतात आणि पगारदार माणसाला सुचणारा प्रश्न विचारतात, "अहो, पण पैसे कधी मिळणार?"

"नेहमीसारखेच. माल पोहोचल्यावर साठ दिवसांनी."

पुष्कळ घरांत हा प्रश्न आनंदाच्या भरात मागे पडतो. धंदा बसला तर कारण सगळ्यांना दिसते. धंदा धावताना पडतो तेव्हा मात्र "एवढे काम होते, मग बुडाला कसा?" असे लोक आश्चर्याने विचारतात. उत्तर बहुतेक वेळा त्या साठ दिवसांतच असते.

वहीत नफा, तिजोरीत खड्डा

आकडे सोपे घेऊ. एका गाइडला चाळीस रुपये मिळतात. कच्चा माल, मजुरी, वीज, भाडे असे सगळे धरून चौतीस रुपये खर्च येतो. नगामागे सहा रुपये नफा. पाच हजार नगांवर महिन्याला २ लाखांची विक्री आणि ३० हजारांचा नफा. जुनी बिले दर महिन्याला वसूल होतात, त्यातून पुढचा खर्च भागतो. गाडी नीट चालली आहे.

आता वीस हजार नग. महिन्याची विक्री ८ लाख, नफा १ लाख २० हजार. वाचायला किती छान! पण महिन्याचा खर्च ६ लाख ८० हजार झाला. नव्या मालाचे पहिले पैसे दोन महिन्यांनी येणार. म्हणजे तोपर्यंत १३ लाख ६० हजार रुपये खिशातून घालायचे. त्या दोन महिन्यांत जुन्या बिलांचे येणार फक्त ४ लाख. उरलेले ९ लाख ६० हजार कुठून आणायचे?

या दोन महिन्यांचा वहीतला नफा २ लाख ४० हजार आहे आणि तिजोरीत साडेनऊ लाखांहून मोठा खड्डा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शिवाय यात नवे यंत्र धरलेले नाही, घरखर्च धरलेला नाही. जीएसटीही बिल काढले की पुढे भरावाच लागतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत.

असा खड्डा दिसला की माणूस आधी घराकडे पाहतो. बायकोचे दागिने, मुलीच्या लग्नाची ठेव, प्रॉव्हिडंट फंडातली उचल. "दोनच महिन्यांचा प्रश्न आहे" हे वाक्य इथेच उच्चारले जाते. पण तिसऱ्या महिन्यात एखादे बिल अडकले, माल परत आला किंवा लोखंडाचा भाव चढला, तर दोन महिन्यांचे सहा महिने व्हायला वेळ लागत नाही.

पायरी पायरीने चढा

आता हीच ऑर्डर पायऱ्यांनी घेऊन पाहू. साठ दिवसांची उधारी तीच ठेवू. पाच हजारांवरून आधी आठ हजार नग केले, तर दोन महिन्यांचा खर्च ५ लाख ४४ हजार आणि जुन्या बिलांचे ४ लाख. खड्डा १ लाख ४४ हजारांचा. दोन महिन्यांनी बारा हजारांवर गेले तर खड्डा १ लाख ७६ हजारांचा. मग सोळा हजार केले तर १ लाख २८ हजार आणि शेवटी वीस हजारांवर पोहोचताना अवघा ८० हजारांचा. चारही मिळून ५ लाख २८ हजार.

मुक्काम तोच, पण बाहेरून लागणारा पैसा जवळजवळ निम्मा झाला. कारण मधल्या महिन्यांत धंद्याने कमावलेला नफाच पुढच्या पायरीचा बराचसा खर्च उचलतो. फरक फक्त सहा महिन्यांच्या धीराचा.

दुसरा मार्ग उधारी कमी करून घेण्याचा. एकदम वीस हजार नग दिले, पण पैसे तीस दिवसांत मिळाले, तर साडेनऊ लाखांचा खड्डा ४ लाख ८० हजारांवर येतो. म्हणून मोठी ऑर्डर हातात असते तोच बोलणी करण्याचा खरा दिवस. दरात पन्नास पैसे वाढवून मागण्यापेक्षा मुदत पंधरा दिवसांनी कमी करून मागणे पुष्कळदा जास्त फायद्याचे ठरते. गिऱ्हाईक कच्चा माल स्वतः पुरवून फक्त घडणावळ द्यायला तयार असेल, तर तेही विचारून पाहावे.

याच रस्त्यावरची जुनी गोष्ट

आर. के. पुरमच्या शेजारी वसंत विहारमध्ये बसंत लोकचा बाजार आहे. हीरो होंडा कंपनीचे मुख्य कार्यालय अनेक वर्षे तिथे होते. धौला कुआँवरून जयपूरच्या दिशेने निघालेला महामार्ग गुडगाव, मानेसर करत धारूहेड्याला पोहोचतो. तिथे या कंपनीचा पहिला कारखाना उभा राहिला. १९८४ मध्ये भागीदारी झाली आणि १९८५ मध्ये सीडी १०० ही मोटारसायकल बाजारात आली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि २००१ मध्ये ही कंपनी जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक ठरली. होंडाबरोबरची भागीदारी संपल्यावर २०११ मध्ये तिचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले.

मुंजाल बंधूंनी सुरुवात केली होती सायकलच्या सुट्या भागांपासून. आज पाकिस्तानात असलेल्या कमालियाहून हे चार भाऊ १९४४ मध्ये अमृतसरला आले, पुढे लुधियानात स्थिरावले. १९५६ मध्ये हीरो सायकल्स सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ६३९ सायकली तयार झाल्या. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. छोटे पुरवठादार आजूबाजूला वसवायचे आणि त्यांच्याकडून लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल थेट जोडणीच्या जागी आणायचा, ही त्यांची पद्धत होती. गोदामात माल पडून राहिला नाही की पैसाही पडून राहत नाही.

छोट्या कारखानदाराने या पद्धतीची दुसरी बाजूही ओळखायला हवी. मोठ्या कंपनीच्या गोदामात साठा नसतो, म्हणून तुमचा टेम्पो एक दिवस चुकला तर तिथले काम अडते. ती जोखीम पुरवठादाराच्या अंगावर येते. आज "हो" म्हणून उद्या माल न देणारा माणूस पुढची ऑर्डर गमावतो. त्यापेक्षा "बारा हजार नक्की देतो, वीस हजार सहा महिन्यांनी" असे स्पष्ट सांगणाऱ्याची पत अधिक टिकते.

केसाएवढी चूक

काम चौपट झाले की घाई येते, आणि घाईचा पहिला घाव मालाच्या दर्जावर पडतो.

व्हॉल्व्हची दांडी आणि गाइड यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांची फट असते. ती जास्त झाली तर इंजिनातले तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह अडकतो. जुन्या कारागिराचा हात हे जाणतो. दुसऱ्या पाळीला घाईघाईने घेतलेला नवा मुलगा जाणत नाही. तो मन लावून काम करतो, पण हत्यार झिजले आहे हे त्याला शंभर नग बिघडल्यावर कळते.

याची किंमतही मोजता येते. वीस हजारांत शंभरामागे दोन नग बाद झाले, तर ४०० नगांचे १३ हजार ६०० रुपये बुडाले. शंभरामागे सहा बाद झाले, तर ४० हजार ८०० रुपये. म्हणजे महिन्याच्या नफ्यातला तिसरा हिस्सा भंगारात गेला. शिवाय परत आलेल्या मालाची वाहतूक, पुन्हा करावे लागणारे काम आणि गेलेली अब्रू वेगळीच.

म्हणून दुसरी पाळी सुरू करण्याआधी दुसरा पारखी तयार करावा. मालक स्वतःच एकमेव पारखी असेल, तर धंदा त्याच्या दोन डोळ्यांपेक्षा मोठा होऊ शकत नाही. दर तासाला पाच नग मोजायचे, माप वहीत लिहायचे आणि माप सरकू लागले की यंत्र थांबवायचे, हा साधा नियम महागड्या यंत्राइतकाच उपयोगी पडतो. यंत्र थांबवले म्हणून कोणालाही ओरडा मिळणार नाही, हे मात्र मालकाने आधी सांगून ठेवावे.

जागा आणि माणसे

वाढत्या कामाला जागा लागते. दिल्लीत या गोष्टीने अनेकांना रडवले आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योगांना शहरातील काम बंद करण्याचा आदेश दिला. २००० साली रहिवासी वस्त्यांतील कारखान्यांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा राजधानीत मोठा असंतोष उसळला. कित्येकांना बवानासारख्या दूरच्या औद्योगिक वसाहतींची वाट धरावी लागली. शेजारच्या गावठाणात स्वस्तात खोली मिळते म्हणून तिथे तिसरा लेथ बसवण्याचा मोह होतो. पण ज्या जागेला कारखान्याची परवानगी नाही, तिथले एक सील सगळ्या ऑर्डरवर पाणी फिरवू शकते. भाडे जास्त पडले तरी अधिकृत औद्योगिक जागाच बरी.

माणसांचे तसेच. चार कारागीर असतात तेव्हा मालकाला प्रत्येकाच्या घरचे आजारपण ठाऊक असते. चाळीस झाले की हजेरीपटावर नुसती नावे उरतात. पगाराची तारीख, जादा कामाचा मोबदला, भविष्यनिर्वाह निधी, सुट्ट्या या गोष्टी तोंडी चालत नाहीत, लिहून ठेवाव्या लागतात.

गुडगावची रिको ऑटो ही इंजिनाचे भाग आणि क्लच तयार करणारी मोठी कंपनी. २००९ मध्ये तिथे कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात तंटा पेटला. ऑक्टोबरमध्ये झालेल्या हाणामारीत एका कामगाराचा जीव गेला, आणि गुडगाव-मानेसर पट्ट्यातील हजारो कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवले. इथून जाणारे भाग मिळेनात म्हणून उत्तर अमेरिकेतील जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या कारखान्यांतही काम थांबले. कारखाना केवढाही असो, माणसांशी संवाद तुटला की काम थांबते, आणि त्यात सर्वांत मोठी किंमत कामगाराचे घर मोजते.

एकाच टोपलीत सगळी अंडी

वीस हजारांची ऑर्डर देणारा गिऱ्हाईक एकच आहे आणि वस्तूही एकच, हे बाईंच्या लक्षात आले तर त्या दुसरा प्रश्न विचारतील, "आणि उद्या त्यांनी घेणे बंद केले तर?"

प्रश्न अशुभ वाटला तरी विचारायलाच हवा. एके काळी घरोघरी स्कूटर होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोक मोटारसायकलकडे वळले आणि २००९ च्या अखेरीस बजाजसारख्या कंपनीनेही स्कूटर सोडून मोटारसायकलवरच लक्ष देण्याचे जाहीर केले. केवळ स्कूटरचेच भाग करणाऱ्याने त्या दिवशी काय करायचे? पुढे २०२० मध्ये चेतक पुन्हा रस्त्यावर आली, पण विजेवर. तिला पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, म्हणून गाइडही नाही. पेट्रोलच्या मोटारसायकली आज मोठ्या संख्येने विकल्या जातात आणि जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीला वर्षानुवर्षे भाग लागतील. तरीही दहा वर्षांच्या कर्जावर यंत्र घेणाऱ्याने दहा वर्षांनंतरचा रस्ता पाहायला हवा.

महाराष्ट्रातले उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियम ओतकामाची दोन यंत्रे घेऊन सुरुवात केली. त्याच सुमारास जवळच वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला होता. ते राहुल बजाज यांचे भाचे, त्यामुळे पहिले गिऱ्हाईक नात्यातलेच होते हे खरे. पण पुढचा प्रवास केवळ नात्यावर झाला नाही. ओतकामाला शॉक ॲब्झॉर्बर, क्लच आणि ब्रेक यांची जोड मिळाली. इतर वाहन कंपन्यांची कामे मिळवली, युरोपातले कारखाने घेतले. हीच पुढची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज. २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. यातले ब्रेक आणि शॉक ॲब्झॉर्बर विजेच्या गाडीलाही लागतातच.

ओखल्याच्या शेडला एवढी उडी जमणार नाही. पण त्याच लेथवर इंजिनाबाहेरचा एखादा बुश करता येतो, पंपाचा भाग करता येतो. करोल बाग आणि काश्मिरी गेटच्या बाजारात सुट्या भागांचे घाऊक व्यापारी आहेत, तिथे थोडा माल देता येतो. एका गिऱ्हाइकाकडे निम्म्याहून अधिक माल जात असेल, तर दुसरा शोधायला आजच निघावे.

हक्काचे पैसे मागायला लाज कसली?

गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने छोटा कारखानदार थकबाकी मागत नाही. कायदा मात्र त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे आपल्या नेहमीच्या "साठ दिवसां"ना कायद्याचा आधारच नाही.

यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती मोफत होते. एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत यंत्रांमधील गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. वीस हजार गाइडची वर्षाची विक्री ९६ लाख होते, म्हणजे ही शेड त्यात सहज बसते. 'ट्रेड्स' या व्यवस्थेत मोठ्या खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँकांपुढे ठेवून पैसे लवकर मिळवता येतात. थोडे व्याज कापले जाते, पण घरातले सोने घरात राहते. २००० साली सुरू झालेल्या पतहमी योजनेमुळे छोट्या उद्योगाला तारणाशिवाय कर्ज देताना बँकेला हमी मिळते. बँकेत जाताना मात्र ऑर्डरचे पत्र, मागची बिले आणि पुढच्या सहा महिन्यांत पैसा कधी येणार व कधी जाणार याचा एका पानाचा तक्ता बरोबर हवा.

घराची लक्ष्मणरेषा

घर आणि धंदा यांच्या मध्ये एक रेषा असावी, आणि ती चांगल्या दिवसांतच आखावी. घरखर्चासाठी मालकाने दरमहा ठरावीक रक्कम घ्यावी. धंद्याचे खाते वेगळे असावे. सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांची फी आणि आजारपणाची रक्कम यांना धंद्याने हात लावू नये. दागिने द्यायचे की नाही हे ज्यांचे दागिने आहेत त्यांनी ठरवावे, आणि नाही म्हटले तर तो संसारातला असहकार समजू नये.

बाई सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना स्वतः धंद्यात पडता येत नाही. घरातले कोणी व्यवसाय करत असेल तर तसे खात्याला कळवावेही लागते. पण रात्रीच्या जेवणानंतर वहीवर नजर टाकायला कोणताच नियम आड येत नाही. रोज धंद्यात बुडालेल्या माणसाला जे दिसत नाही, ते पुष्कळदा शेजारी बसलेल्याला दिसते.

तर त्या पेढ्यांच्या संध्याकाळचे काय झाले असते? समजा, दोघांनी मुलाच्या वहीचे एक पान फाडून वरचे आकडे मांडले. दुसऱ्या दिवशी यजमान मानेसरला गेले आणि म्हणाले, "साहेब, ऑर्डर घेतो. पुढच्या दोन महिन्यांत आठ हजार, मग दर दोन महिन्यांनी चार हजार वाढवत जाऊ. आणि पैसे पंचेचाळीस दिवसांत हवेत." गिऱ्हाईक कुरकुरेल. कदाचित काही नग दुसरीकडून घेईल. पण वेळेवर, मापात बसणारा माल देणारा माणूस त्यालाही सहज मिळत नाही.

आठ महिन्यांनी शेडमध्ये वीस हजार गाइड तयार होत असतील, जुने चारही कारागीर तिथेच असतील आणि आर. के. पुरमच्या कपाटातली दागिन्यांची डबी जागची हललेली नसेल. पेढे खरे तर त्या दिवशी आणावेत.